दोन घरचा पाहुणा: केंब्रिजमधलं एक भांडण आणि आर्थिक इतिहास नावाचा विषय

आर्थिक इतिहास हा विषय विद्यापीठात नेमका कुठे बसवायचा हे आजही कुणाला छातीठोक सांगता येत नाही. अर्थशास्त्रवाले म्हणतात हा तर इतिहास झाला, इतिहासवाले म्हणतात यात आकडेच फार, आणि शिकणारा बिचारा दोन्ही डिपार्टमेंटचे जिने चढून उतरून दमतो. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तशी गत. या विषयाची गोष्ट सांगताना लोक सहसा जर्मनीपासून सुरू करतात, मग इंग्लंड, मग अमेरिका, मग नोबेल, अशी रेल्वेची स्टेशनं वाचून दाखवल्यासारखी यादी होते. मला त्यापेक्षा एकच प्रकरण सावकाश उलगडून बघायला आवडतं. स्थळ केंब्रिज, काळ १८८४ ते १९२८, माणसं मुख्यतः तीन. यात विषय कसा जन्मला आणि जन्मतःच घराबाहेर का पडला, दोन्ही दिसतं.

आधी मांडणी कशी होती ते बघू, कारण सगळं भांडण त्या मांडणीतून आलंय. केंब्रिजमध्ये ऑनर्सच्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. अर्थशास्त्राचा स्वतःचा ट्रायपॉस १९०३ पर्यंत नव्हताच. पोलिटिकल इकॉनॉमी, म्हणजे अर्थशास्त्राचं जुनं नाव, हा विषय मॉरल सायन्सेसच्या ट्रायपॉसमध्ये तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र वगैरेंच्या पंगतीत कोपऱ्यात बसायचा. आणि १८७० च्या दशकात इतिहासाचा ट्रायपॉस वेगळा झाला तेव्हा त्यातही पोलिटिकल इकॉनॉमी आणि आर्थिक इतिहासाला जागा दिली गेली. म्हणजे अर्थशास्त्राच्या मास्तरला विद्यार्थी मिळायचे ते दोन परक्या घरांतून, एकीकडून तत्त्वज्ञानाची पोरं ज्यांना व्यापार उद्योगात रस नाही, दुसरीकडून इतिहासाची पोरं ज्यांना थिअरी नको असते. हे लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

इतिहासाच्या पेपरात आर्थिक इतिहास घातला खरा, पण शिकवायचं कशावरून? पुस्तकच नव्हतं. थोरोल्ड रॉजर्सनं ऑक्सफर्डला जुन्या जमाखर्चांतून शेतमालाच्या किमतींचे जाडजूड खंड काढायला सुरुवात केली होती, पण ते परीक्षेच्या आदल्या महिन्यात वाचायचं प्रकरण नव्हे. मग विल्यम कनिंगहॅम नावाच्या एका तरुण पाद्र्यानं ते काम अंगावर घेतलं. एडिंबरोचा माणूस, केंब्रिजला आला, १८७२ साली मॉरल सायन्सेसमध्ये पहिला आला तोही एफ. डब्ल्यू. मेटलंडच्या बरोबरीनं, म्हणजे पुढे इंग्लिश कायद्याचा सगळ्यात मोठा इतिहासकार झाला तो मेटलंड. मधली काही वर्षं कनिंगहॅमनं उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांत विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी व्याख्यानं दिली, मग परत येऊन इतिहासाच्या मुलांना शिकवायला लागला. १८८२ साली त्याचं पुस्तक आलं, 'ग्रोथ ऑफ इंग्लिश इंडस्ट्री अँड कॉमर्स'. इंग्लंडच्या उद्योग व्यापाराचा सलग इतिहास असा विद्यार्थ्याच्या हातात देण्याजोगा पहिल्यांदाच मिळाला, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते फुगत फुगत दोन मोठ्या खंडांचं झालं.

इथे माझं एक मत सांगून टाकतो. विषय मोठ्या विचारातून जन्मतात असं आपल्याला वाटत असतं, पण बरेचदा आधी प्रश्नपत्रिका येते, प्रश्नपत्रिकेसाठी पुस्तक लागतं, पुस्तकासाठी मास्तर आणि मास्तरसाठी पगाराची जागा. या प्रकरणात तर अक्षरशः याच क्रमानं झालंय.

१८८४ च्या नोव्हेंबरात केंब्रिजचे पोलिटिकल इकॉनॉमीचे प्रोफेसर हेन्री फॉसेट वारले. हे गृहस्थ अंध होते, खासदार होते, ग्लॅडस्टनच्या सरकारात पोस्टखातं सांभाळत होते आणि वर प्रोफेसरकी पण करत होते, तेव्हा चालायचं असं. रिकाम्या खुर्चीसाठी कनिंगहॅमनं अर्ज केला आणि आल्फ्रेड मार्शलनंही. मार्शलची निवड झाली. खरं सांगायचं तर कुणीही त्यालाच निवडलं असतं. गणिताच्या ट्रायपॉसला दुसरा आलेला, ब्रिस्टलला कॉलेजचा मुख्य म्हणून काम केलेला, ऑक्सफर्डला आर्नल्ड टॉयन्बी अवघ्या तिशीत गेला तेव्हा त्याच्या जागी शिकवलेला. औद्योगिक क्रांती हा शब्दप्रयोग इंग्रजीत रुजला तो ज्याच्या व्याख्यानांमुळे, तोच हा टॉयन्बी.

१८८५ च्या फेब्रुवारीत मार्शलनं उद्घाटनाचं व्याख्यान दिलं. सभ्य भाषेत पण स्पष्ट बोलला. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा की आकडे आणि घटना स्वतःहून काही बोलत नसतात, आणि जो म्हणतो की मी फक्त फॅक्ट्सना बोलू देतो, माझी काही थिअरी नाही, तो सगळ्यात धोकादायक थिअरीवाला, कारण कुठले फॅक्ट निवडायचे आणि कसे लावायचे हे तो गुपचूप ठरवत असतो. आता हे वाक्य खरं आहे हो, आजही डेटा डेटा करणाऱ्याच्या टेबलावर लावून ठेवावं असं आहे. पण ते कुणाला उद्देशून होतं हे सगळ्यांना कळलं. जर्मनीत तेव्हा श्मोलर आणि त्याच्या मंडळींचं राज्य होतं, अर्थशास्त्र म्हणजे इतिहासच अशी त्यांची भूमिका, आणि १८८३ पासून व्हिएन्नाच्या थिअरीवाल्या कार्ल मेंगरशी त्यांची कडाक्याची जुंपली होती. ते वारं इंग्लंडात येऊ नये ही मार्शलची काळजी होती.

कनिंगहॅम तिथेच होता, १८८४ पासून युनिव्हर्सिटी लेक्चरर. म्हणजे हरलेला उमेदवार जिंकलेल्याच्या नजरेखाली शिकवतोय. त्यानं काय शिकवावं, किती थिअरी घ्यावी यात मार्शल लक्ष घालायला लागला, आणि कनिंगहॅमसारखा ताठ कण्याचा स्कॉटिश माणूस ते ऐकून घेणारा नव्हता. लोक याला नुसतं इगोचं भांडण म्हणून सोडून देतात पण विद्यार्थी कुठून यायचे ते आठवा. अर्थशास्त्राचा पेपर देणारी बरीचशी पोरं इतिहासाची होती आणि त्यांना कनिंगहॅम शिकवायचा. ती पोरं नीट थिअरी न शिकता बाहेर पडली तर मार्शलच्या शास्त्राला भवितव्य काय? आणि थिअरी कोंबली तर इतिहास शिकवायचा कधी? वर्गातले तास मोजकेच, त्यावर दोघांचा हक्क, भांडण अटळ होतं.

सप्टेंबर १८९२

१८९० साली मार्शलचं 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' आलं. पुढच्या तीसेक वर्षांत त्याच्या आठ आवृत्त्या निघाल्या आणि इंग्रजी जगात अर्थशास्त्र म्हणजे हे पुस्तक असं समीकरण झालं. यात सुरुवातीलाच, पहिल्या भागात, मुक्त उद्योगाची वाढ कशी झाली याच्यावर इतिहासाची प्रकरणं होती. रानटी अवस्थेपासून ग्रीक रोमन, मध्ययुग करत करत इंग्लंडपर्यंत झपाझप. कनिंगहॅमनं ती वाचली आणि त्याचं डोकंच सणकलं. हा माणूस वर्षानुवर्षं जुने दप्तर उलगडतोय आणि तिकडे कुणीतरी मोजक्या पानांत मानवजातीचा आर्थिक इतिहास उरकून टाकतोय.

'इकॉनॉमिक जर्नल' तेव्हा नुकतंच, १८९१ मध्ये सुरू झालं होतं. त्याच्या सप्टेंबर १८९२ च्या अंकात कनिंगहॅमचा लेख आला आणि त्याचं नावच 'द पर्व्हर्जन ऑफ इकॉनॉमिक हिस्टरी'. विकृती! सहकारी प्रोफेसरच्या कामाला. आणि मजा बघा, मार्शलचं उत्तर त्याच अंकात, कनिंगहॅमचा लेख संपला की लगेच पुढे. संपादक एजवर्थ, त्यानं दोघांना एकाच पंगतीत वाढून टाकलं.

कनिंगहॅमचा मुद्दा थोडक्यात हा. थिअरीवाले धरून चालतात की माणसाच्या मागे तीच प्रेरणा सगळ्या काळात असते आणि म्हणून आजचे नियम कालच्याला लागू पडतात. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोनं खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, नियम सांगितला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडात, जिथे शेतकरी भांडवल घालून जमीन भाड्यानं घेतो आणि परवडत नसेल तर सोडून जातो. तो नियम मध्ययुगातल्या गावाला लावून कसं चालेल, जिथे कुळ जमिनीला बांधलेलं, देणं श्रमात आणि रिवाजानं ठरलेलं, आणि बाजार म्हणून काही मोकळा नाहीच? तरी लावलात तर उत्तर निघतं, हेच तर वाईट, कारण उत्तर मिळाल्यावर पुरावा बघायची गरज वाटत नाही. हे शेवटचं मला फार नेमकं वाटतं.

मार्शलचं उत्तर चिडलेलं आहे. मी असं म्हटलंच नाही, तुम्ही माझं नीट वाचलं नाही, अशा सुरात बराच भाग गेलाय. पण एक मुद्दा त्याचाही दमदार आहे. रिवाज रिवाज म्हणता, पण रिवाज काय दगडावर कोरलेला असतो का? हळूहळू तोही बदलतो आणि कुठल्या दिशेनं बदलतो ते बघितलं की आर्थिक कारणं आत काम करताना दिसतात. नुसता रिवाज होता म्हणून सांगणं हे स्पष्टीकरण नव्हे, ती स्पष्टीकरणाची टाळाटाळ झाली.

दोघंही अर्धे बरोबर होते असं म्हणून सुटता येईल, पण मला तसं वाटत नाही. इतिहासाच्या त्या प्रकरणांपुरता कनिंगहॅम बरोबर होता आणि पद्धतीच्या प्रश्नावर मार्शल. कनिंगहॅमला थिअरीशिवाय इतिहास लिहिता येतो असं वाटायचं, आणि त्याचं स्वतःचं पुस्तक बघाल तर राष्ट्राची ताकद, राज्याचं धोरण हीच त्याची थिअरी पानोपानी डोकावते. मार्शलनं १८८५ मध्ये दिलेला इशारा त्यालाच लागू पडला.

आणि निकाल काय लागला? हे बघायला 'प्रिन्सिपल्स'ची आवृत्ती उघडा. १९०७ ची पाचवी. इतिहासाची ती प्रकरणं पुस्तकाच्या तोंडावरून उचलून मागे टाकली आहेत, परिशिष्ट अ म्हणून. आजही जी आठवी आवृत्ती लोक वाचतात, किंवा वाचली म्हणून सांगतात, तिच्यात ती तिथेच आहेत, सगळा मुख्य मजकूर संपल्यावर. कुणी काही जाहीर केलं नाही, ठराव नाही, वाद नाही. इतिहास दिवाणखान्यातून माळ्यावर गेला.

बाहेर काय चाललं होतं

ज्या १८९२ मध्ये केंब्रिजमध्ये ही खडाजंगी झाली त्याच वर्षी हार्वर्डनं आर्थिक इतिहासाची प्रोफेसरची जागा तयार केली, इंग्रजी बोलणाऱ्या जगातली पहिली, आणि ती दिली विल्यम अॅश्लीला. तो टॉयन्बीच्या प्रभावातला ऑक्सफर्डवाला, टोरांटोमार्गे तिथे पोचलेला. त्याचा सूर एकदम वेगळा. थिअरीवाले आणि इतिहासवाले यांनी एकमेकांना आपापलं काम करू द्यावं, झालं. कनिंगहॅम जे भांडून मिळवू बघत होता ते अॅश्लीनं स्वतंत्र खोली मागून मिळवलं. शहाणा माणूस. पण वेगळी खोली घेतली की मधे भिंत येते, ती त्यालाही चुकली नाही.

लंडनमध्ये १८९५ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स निघालं आणि त्याचा पहिला डायरेक्टर हेविन्स हा स्वतःच आर्थिक इतिहासाचा माणूस होता. कनिंगहॅम तिथेही शिकवायला जायचा, आणि १८९१ ते १८९७ किंग्ज कॉलेज लंडनला प्रोफेसरही होता, वर केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चचा व्हिकर, म्हणजे मुख्य पाद्री, त्यामुळे माणूस रिकामा बसला असं काही झालं नाही.

आता जी गोष्ट या प्रकरणात बहुतेक जण विसरतात ती सांगतो. कनिंगहॅमचे पुढे नेणारे वारस कोण, तर मुख्यतः बायका. केंब्रिजमधल्या बायकांच्या गर्टन कॉलेजच्या एलन मॅकआर्थर यांनी त्याच्यासोबत १८९५ साली पाठ्यपुस्तक लिहिलं. गर्टनच्याच लिलियन टॉम, लग्नानंतरच्या नोल्स, १९०४ पासून लंडन स्कूलमध्ये पूर्णवेळ आर्थिक इतिहास शिकवायला लागल्या आणि १९२१ मध्ये प्रोफेसर झाल्या. केंब्रिज बायकांना परीक्षेला बसू द्यायचं, पहिला वर्ग पण द्यायचं, फक्त पदवी द्यायचं नाही, ते १९४८ पर्यंत. म्हणून नोल्स बाईंनी डॉक्टरेट डब्लिनहून घेतली. आणि मार्शल? बायकांना केंब्रिजची पदवी द्यायला त्याचा ठाम विरोध होता, तेही स्वतःची बायको मेरी पेली त्याच परीक्षांतून वर आलेली असताना. एक नवा विषय, ज्यात जुन्या घराण्यांच्या जागा अजून वाटल्या गेल्या नव्हत्या, तिथे बायकांना थोडी फट मिळाली. पुढे आयलीन पॉवर याच वाटेनं गर्टनहून लंडन स्कूलला गेल्या आणि १९३१ साली प्रोफेसर झाल्या.

मँचेस्टरला १९१० मध्ये ब्रिटनमधली आर्थिक इतिहासाची पहिली प्रोफेसरकी निघाली, ती जॉर्ज अनविनला मिळाली. तेराव्या वर्षी शाळा सोडून कारकुनी केलेला माणूस. म्हणजे बघा, हार्वर्ड झालं, मँचेस्टर झालं, आणि जिथे पेपर होता, पुस्तक होतं, भांडण होतं ते केंब्रिज अजून रिकामंच.

१९०३ आणि एक चुकलेला डाव

१९०३ साली दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मार्शलनं वर्षानुवर्षं केलेल्या खटपटीला यश आलं, अर्थशास्त्राचा स्वतंत्र ट्रायपॉस मंजूर झाला. कनिंगहॅमनं विरोध केला, उपयोग झाला नाही. यात गंमत अशी की मार्शलच्या नव्या अभ्यासक्रमात अलीकडचा आर्थिक इतिहास होता आणि बऱ्यापैकी होता. त्याला इतिहास नको होता असं नाहीच, त्याला तो आपल्या ताब्यात, आपल्या शास्त्राचा कच्चा माल म्हणून हवा होता.

दुसरी म्हणजे जोसेफ चेंबरलेन या राजकारण्यानं आयातीवर जकात लावायची मोहीम काढली. मार्शल आणि इतर अर्थशास्त्रज्ञांनी टाइम्समध्ये मुक्त व्यापाराच्या बाजूनं जाहीर पत्रक काढलं. समोरच्या बाजूला कोण? कनिंगहॅम, अॅश्ली, हेविन्स, अख्खी इतिहासवाली फळी. हेविन्सनं तर डायरेक्टरची खुर्ची सोडली आणि चेंबरलेनच्या टॅरिफ कमिशनचा सेक्रेटरी झाला. १९०६ च्या निवडणुकीत जकातवाल्यांचा धुव्वा उडाला. माझ्या मते इंग्लंडात इतिहासवाल्यांना जो फटका बसला तो १८९२ च्या लेखानं तेवढा नाही बसला जेवढा यानं बसला. आपला विषय एका राजकीय मोहिमेच्या गाडीला जुंपला की गाडी उलटल्यावर बैलही मार खातो. १९०८ साली मार्शल रिटायर झाला तेव्हा त्याच्या जागी इतिहासाकडे ओढा असलेला, आयुष्यभर जुनी आर्थिक पुस्तकं हजारोंनी गोळा केलेला फॉक्सवेल अनेकांना अपेक्षित होता, निवड झाली तीस वर्षांच्या पिगूची. चोख थिअरी.

मार्शलचाच चेला

आता तिसरा माणूस. जॉन क्लॅपहॅम, किंग्ज कॉलेजचा, इतिहासाचा विद्यार्थी. मार्शलनं १८९७ मध्ये लॉर्ड अॅक्टनला, म्हणजे तेव्हाच्या इतिहासाच्या प्रोफेसरला पत्र लिहून याची शिफारस केली होती की मी शिकवलेल्या इतिहासवाल्यांत याच्याइतकी विश्लेषणाची बुद्धी दुसऱ्या कुणात नाही, याला अलीकडच्या काळाचा आर्थिक इतिहास लिहायला लावा. माणूस हेरण्यात मार्शलचा हात धरणारा कुणी नव्हता. क्लॅपहॅम १९०२ मध्ये लीड्सला अर्थशास्त्राचा प्रोफेसर म्हणून गेला, लोकरीच्या गिरण्यांच्या शेजारी राहून त्या धंद्यावर पुस्तक लिहिलं आणि १९०८ मध्ये परत आला.

मग सप्टेंबर १९२२. तेच इकॉनॉमिक जर्नल, तोच महिना, बरोबर तीस वर्षांनी. क्लॅपहॅमच्या लेखाचं नाव 'ऑफ एम्प्टी इकॉनॉमिक बॉक्सेस'. एक अर्थशास्त्रज्ञ हॅटच्या कारखान्यात शिरतो, फळीवर खोके आहेत आणि खोक्यांत हॅट आहेत. त्याच्या डोक्यातही फळ्या आहेत आणि त्यावर खोके आहेत, लेबलं लावलेली: घटत्या फलाचे उद्योग, स्थिर फलाचे उद्योग, वाढत्या फलाचे उद्योग, म्हणजे धंदा वाढवत नेला की वाढीव खर्चामागे मिळणारं उत्पादन घटतं, तेवढंच राहतं की वाढतं यावरून केलेले गट. मग तो विचारतो, हा हॅटचा कारखाना कुठल्या खोक्यात टाकू? आणि पुस्तकं उघडून बघतो तर कुणीच आजवर कुठलाच खोका नीट भरलेला नाही. पिगूनं डिसेंबरच्या अंकात उत्तर दिलं, थोडं ताठरच. पण ते खोके काही मिटेनात, पुढच्या दहा वर्षांत त्यावरून थिअरीवाल्यांचं आपसातच मोठं रामायण झालं.

कनिंगहॅमनं बाहेरून दगड मारला होता, हा आतून विचारत होता. थिअरी टाकून द्या असं क्लॅपहॅम म्हणत नव्हता, तो म्हणत होता लेबल लावलंय तर माल दाखवा. त्याच्या इतिहासलेखनाचा खाक्याही तोच, किती मोठं, किती काळ, किती वेळा, आणि हे उदाहरण बाकीच्यांचं प्रतिनिधित्व करतं का? १९२६ साली त्याच्या आधुनिक ब्रिटनच्या आर्थिक इतिहासाचा पहिला खंड आला, त्यात तो दाखवतो की एकोणिसाव्या शतकात बरंच पुढे जाईपर्यंत ब्रिटनमधला सरासरी कामगार गिरणीत नव्हताच. त्याच वर्षी लंडनमध्ये इकॉनॉमिक हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, अध्यक्ष म्हातारा अॅश्ली, धावपळ आयलीन पॉवर यांची, आणि १९२७ पासून तिचं स्वतःचं जर्नल. पाहुण्याला भाड्याचं का होईना घर मिळालं.

आणि १९२८ साली केंब्रिजनं आर्थिक इतिहासाची पहिली प्रोफेसरकी क्लॅपहॅमला दिली. कनिंगहॅम १९१९ मध्ये गेला होता, मार्शल १९२४ मध्ये. कनिंगहॅमला जो विषय उभा करायचा होता तो उभा राहिला, पण खुर्चीवर बसला मार्शलनं निवडलेला माणूस, आणि तो माणूस मार्शलच्याच खोक्यांकडे बोट दाखवून नाव झालेला.

पुढचं भराभर सांगतो. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये आर्थिक इतिहासाची स्वतंत्र डिपार्टमेंटं भरपूर निघाली आणि नंतर एकेक करून बंद पडली किंवा दुसऱ्यांत विरली, लंडन स्कूलचं अजून आहे. अमेरिकेत उलटं झालं, १९५० च्या दशकाच्या शेवटापासून गणित आणि मॉडेल घेऊन इतिहास करणारी पोरं आली, रॉबर्ट फोगेलनं १९६४ मध्ये रेल्वे नसती तर काय झालं असतं याचा हिशेब मांडला, आणि १९९३ मध्ये त्याला डग्लस नॉर्थ या दुसऱ्या आर्थिक इतिहासकाराबरोबर नोबेल मिळालं. कनिंगहॅमनं ते बघितलं असतं तर पुन्हा एकदा विकृती म्हणून लेख लिहिला असता याबद्दल मला शंका नाही.

आणि २००७ साली ऑस्ट्रेलियात सरकारी सांख्यिकी खात्यानं संशोधनाच्या विषयांचं नवं वर्गीकरण काढायला घेतलं. त्याच्या मसुद्यात आर्थिक इतिहास अर्थशास्त्रातून काढून इतिहास, पुरातत्त्व, धर्म आणि तत्त्वज्ञान यांच्या गठ्ठ्यात टाकला होता. तिथल्या अर्थशास्त्रवाल्यांनी हरकती घेतल्या, पत्रव्यवहार झाला, आणि विषय परत अर्थशास्त्राखाली आला.